मुळ्यांनी डिस्क हलकी केली

"पीयूषजी, आधी पोहे खाऊन घ्या. कारण मी आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर घास हातातच राहील, आणि तरीसुद्धा तुम्ही मानणार नाही. कोणीच मानत नाही. माझी बायको मानत नाही, आणि ती तर तिथे हजर होती!"

एवढं बोलून लक्ष्मीकांत मुळ्यांनी आपल्या पोह्यांवर शेवेची आणखी एक मूठ स्वतःच्या हाताने भुरभुरवली. इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्यावरच्या त्या ठेल्यावर एवढा अधिकार फक्त आपल्याला आहे अशी त्यांची समजूत होती. ठेलेवाला त्या वेळी दुसरीकडे बघत असे, इतकंच.

शेजारी मारुतीराव तांबे उभे होते. रेल्वेच्या मालधक्क्यावर जन्म काढलेले गृहस्थ. मुळ्यांच्या गोष्टींना साक्षीदार म्हणून त्यांची कायमची नेमणूक झालेली होती. साक्षीदाराने फक्त मान हलवायची, आणि तोंडात पोहे असले की ते काम फार सोपं जातं. पीयूष मात्र नवा होता. मुळ्यांच्या वरच्या मजल्यावर नुकताच भाड्याने राहायला आलेला, सभ्य, ऐकून घेणारा. असा श्रोता मिळाला की मुळ्यांचा आवाज आपोआप एक पट्टी वर चढत असे.

"ही गोष्ट आहे एका डिस्कची," मुळ्ये म्हणाले, आणि मारुतीरावांनी मान हलवली.

तर झालं होतं असं. राजेंद्र नगरात मराठी मंडळाचं वाचनालय आहे. एक हॉल, काही कपाटं, ओळीने मांडलेल्या खुर्च्या, आणि सगळ्या भिंतींत मिळून कामाचा असा एकच प्लग. ज्याने वायरिंग केलं त्याचा असा अंदाज असावा की मराठी माणूस वाचायला येईल, त्याला वीज कशाला हवी. त्या एका प्लगच्या कोपऱ्यात मंडळाचा संगणक होता. कोणा सभासदाने घर बदलताना तो मंडळाला अर्पण केला होता, म्हणजे नव्या घरात न्यायला लाज वाटली म्हणून इथे ठेवला होता. टेबलावर एक पाटी होती : 'संगणक प्रमुख, ल. वि. मुळ्ये'. पाटी मुळ्यांनी स्वतःच रंगवून आणली होती, पण पाटी वाचणाऱ्याला ते कुठे कळतं?

त्या पाटीचं महत्त्व समजायला हवं. मुळ्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात झाली. तिथे पाटी विभागाची होती, माणसाची नव्हती. निवृत्त होऊन घरी आले तर सोफ्याचा चांगला कोपरा बायकोचा, म्हणजे यशोधराबाईंचा, गॅलरी वाळत घातलेल्या कपड्यांची, आणि टीव्हीचा रिमोट कुणाचा हे विचारायची घरात पद्धत नव्हती. साऱ्या इंदूर शहरात वाचनालयातला तो कोपरा ही एकच जागा होती जिथे माणूस येऊन अदबीने उभा राहत असे आणि म्हणत असे, "मुळ्ये साहेब, जरा बघता का?" बघायचं काय, तर बहुतेक वेळा विजेचं बिल. पण 'साहेब' खरं होतं.

अशात संगणक बंद पडला. चालू केला की काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायची. मुळ्यांना वाटे, ही आपल्याला डोळा मारते आहे.

आणि नेमक्या याच क्षणाची वाट बघत होते मंडळाचे सहसचिव देवेंद्र पागे. पाग्यांना त्याच प्लगवर वॉटर कूलर हवा होता. "मुळ्येजी, ज्ञान नंतर, पहिले पाणी," ते घामेजलेल्या कपाळाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मे महिना चालून राहिला आहे. लोक पेपरने वारा घेतात आणि पेपर फाटतो. मतलब नुकसान दोन्हीकडून."

मंडळाच्या अध्यक्षा अरुंधतीताई सबनीस. निवृत्त मुख्याध्यापिका, आणि निवृत्ती फक्त शाळेला माहीत. त्यांनी निकाल दिला. "रविवारी सर्वसाधारण सभा आहे. सभेसमोर संगणक चालू करून दाखवा, मुळ्ये. चालला तर कोपरा तुमचा. नाही चालला तर कूलर."

"आणि पाटी?" मुळ्यांनी विचारलं.

"पाटी घरी न्या."

हे शेवटचं वाक्य मुळ्यांच्या जिव्हारी लागलं. घरी नेऊन लावणार कुठे?

त्यांनी मुलीला फोन केला. मिताली बंगळुरूला संगणकातच नोकरी करते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला सल्ला दिला, "बाबा, फेकून द्या." हा सल्ला मुळ्ये घराण्यात आजवर कोणी मानलेला नाही हे आठवून तिने लगेच दुसरा दिला. "मग ऐका. ते मशीन इतकं जुनं आहे की त्याला पेन ड्राइव्ह समजत नाही, फक्त डिस्क समजते. आणि नवी ऑपरेटिंग सिस्टिम एका डिस्कवर मावत नाही, थोडी बाहेर राहते. ही फुकट मिळणारी सिस्टिम आहे, तिच्यात फेरफार केला तर कोणी काही म्हणत नाही. तेव्हा घरच्या लॅपटॉपवर ती उघडा, नको त्या फायली काढा, आणि उरलेल्याची आपली वेगळी इंस्टॉलेशन डिस्क बनवा. पण बाबा, काय काढता ते वाचून काढा. अंदाजाने नाही."

मुळ्यांनी यातलं 'नको त्या फायली काढा' एवढं ऐकलं. उरलेल्या वेळात ते शेजारच्यांना खुणेने सांगत होते की मुलीचा फोन आहे, बंगळुरूहून.

"काढायच्या?" यशोधराबाई म्हणाल्या. "तुम्ही काढणार? माळ्यावर अजून त्या टेबल फॅनचं खोकं आहे. फॅन जाऊन जमाना झाला."

"खोकं चांगलं आहे."

"मी तेच म्हणतेय!"

पण मुळ्ये निश्चयाने लॅपटॉपसमोर बसले. सिस्टिमचं पोट उघडलं, आणि आत बघतात तर फायलीच फायली. एकीचंही नाव माणसाचं नाही. दुसऱ्या एखाद्या शहरातला माणूस घाबरून उठला असता. पण इंदूरच्या माणसाचं तसं नाही. आकाशातून उल्का पडली तरी आमच्याकडचा माणूस आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतो आणि मग विचारतो, ओला की सुका? सकाळी कचरागाडीचं गाणं वाजायच्या आत कचरा वेगवेगळ्या डब्यांत लावून दारात उभं राहायची सवय आता रक्तात उतरलेली आहे. मुळ्यांनी तत्काळ वेगवेगळे फोल्डर केले, त्यांना डब्यांचे रंग दिले, आणि वर्गीकरणाला लागले.

ज्या फायलींवर तारीख होती त्या ओल्या. तारीख आहे म्हणजे खराब होणार, सरळ हिशेब. चित्रं, अक्षरांचे नमुने, आवाज हा सुका कचरा. एका फायलीचं नाव 'किल' निघालं, ती घरगुती घातकमध्ये गेली. यशोधराबाई म्हणाल्या, असली वस्तू तिन्हीसांजेला घरात उघडू नका. काही फायलींची नावं मोठ्याने वाचायला संकोच वाटेल अशी होती, म्हणजे नुसती व्यंजनं, एक स्वर नाही. त्या त्यांनी कागदात गुंडाळून ठेवायच्या वर्गात टाकल्या.

इथे मारुतीराव सल्ला द्यायला आले. चहाचा कप हातात घेऊन ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मुळ्ये, मालगाडी चढावर अडकली की काय करतात? डबे तोडतात. पण पुढून नाही, मागून! इंजिन पुढे असतं."

हे इतकं पटण्यासारखं होतं की मुळ्यांना आपण आजवर रेल्वेत का गेलो नाही याचं वाईट वाटलं. त्यांनी फायलींची मुळाक्षरांप्रमाणे ओळ लावली आणि शेवटापासून तोडायला सुरुवात केली. फक्त चित्रं तेवढी वाचली, कारण यशोधराबाईंनी मध्येच येऊन "तो डोंगर राहू द्या हो, छान आहे," असं सांगितलं होतं.

पहिली डिस्क तयार झाली. मुळ्ये आणि मारुतीराव ती वाचनालयात घेऊन गेले, संगणकात घातली. संगणक घुरघुरला, एकदा शिंकल्यासारखा आवाज झाला, आणि पडद्यावर डोंगर आला. हिरवागार, पायथ्याशी तळं. पण मग काहीच नाही. कुठलंही बटण दाबा, डोंगर. बंद करून चालू करा, डोंगर. पेपर वाचणारी दोन-तीन माणसं उठून बघायला आली आणि खुर्च्या ओढून समोर बसली.

"बढिया है," त्यांतला एक म्हणाला. "ठंडक वाटते."

"मग कूलर कशाला?" मुळ्ये पटकन म्हणाले. पण पागे दारातच उभे होते. ते म्हणाले, "सभेत हे चालणार नाही मुळ्येजी. कॅलेंडर आपल्याकडे आहे."

तेवढ्यात ही बातमी कॉलनीत पसरली की मुळ्ये घरी बसून भाषा काढून राहिले आहेत. खरं होतं ते. वर्गीकरण करताना मुळ्यांना कळलं होतं की या सिस्टिमच्या पोटात जगातल्या झाडून सगळ्या भाषा आहेत, आणि जागा मुख्य त्यांनीच अडवली आहे. कुठल्या कुठल्या बर्फातल्या भाषा त्यांनी काढल्या त्याबद्दल कुणाचीच तक्रार आली नाही. पण पुढच्या गल्लीतले शहा दारात उभे राहिले. "मुळ्ये साहब, इतने साल का उठना-बैठना, और हमारी गुजराती निकाल दी?" मुळ्यांना इतकं ओशाळं वाटलं की त्यांनी गुजराती परत घातली. शहांची परत घातली म्हणून सिंधी परत घालावी लागली, कारण सिंधी शेजारी दिवाळीत मिठाई देतात. मारुतीरावांनी फॅक्सच्या फायलींसाठी शब्द टाकला, फॅक्स कुणाकडे उरला नव्हता, पण "कल को आ गया तो?" हा प्रश्न बिनतोड होता. आणि सुदामा नगरहून स्कूटरवर एक गृहस्थ खास आले. ओळख ना पाळख.

"अंकल, मालवी है क्या इसमें?"

"नाही हो, मालवी तो थी ही नहीं."

"तो डाल दो ना भिया! इतना सब निकाल रहे हो, जगह तो हो ही रही होगी."

मग यशोधराबाईंनी त्या गृहस्थाला सरबत दिलं, कारण उन्हातून आला होता, आणि त्याने पेन ड्राइव्हमध्ये आणलेली मालवी गाणी मुळ्यांनी मुकाट्याने आत घातली. संध्याकाळी मोजमाप घेतलं तर डिस्क मूळच्यापेक्षा मोठी झालेली.

"बारीक करायची होती ना?" यशोधराबाई म्हणाल्या. "ही तर माहेरी राहून आल्यासारखी भरलीय."

आता इथे सांगायला हवं की मुळ्यांनी काढलेल्या फायलीही फेकल्या नव्हत्या. एकदम पुसून टाकायचं म्हणजे जरा क्रूर वाटतं. त्यांनी त्या सगळ्या दुसऱ्या एका डिस्कवर नीट उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीचं गाणं ऐकू आल्यावर, इतर डब्यांबरोबर ती डिस्कही घेऊन ते गल्लीत उभे राहिले.

"अंकल, ये क्या है?" गाडीवरच्या बाईंनी विचारलं.

"कचरा."

"गीला कि सूखा?"

"दोन्ही. मतलब, दोनों. अंदर अलग अलग करके रखा है."

बाईंनी डिस्क उलटीपालटी करून पाहिली. "अंदर किधर? खोल के दिखाओ."

मागे बादल्या घेऊन उभी असलेली सगळी गल्ली पुढे सरसावली. एकजण म्हणाला ई-वेस्टमध्ये टाका. दुसरा म्हणाला, आत ओला असेल तर वास येईल. तिसरीने मुळ्यांना हळूच विचारलं की घातक असं काही नाही ना, आणि मुळ्ये खोटं न बोलणारे असल्यामुळे त्यांनी 'किल'चं सांगून टाकलं. त्याबरोबर सगळ्या बादल्या दोन पावलं मागे गेल्या. बाईंनी डिस्क त्यांच्या हातात परत ठेवली. "मिक्स है अंकल. घर ले जाओ, छाँट के कल लाना."

बाहेरगावच्या माणसाला याची कल्पना यायची नाही. इंदुरात माणसाचं लग्न मोडलं तर लोक समजून घेतात. मुलगा नापास झाला तर धीर देतात. पण ज्याचा कचरा परत आला त्याच्याकडे गल्लीतली कुत्रीही वेगळ्या नजरेने बघतात. मुळ्ये मान खाली घालून जिना चढले. यशोधराबाईंनी त्यांच्या हातातून ती डिस्क घेतली, तिच्या भोकात सुतळी ओवली आणि गॅलरीत टांगून दिली. ती उन्हात चमकू लागली आणि जी कबुतरं सासऱ्यांच्या काळापासून तिथे वस्ती करून होती ती सगळी उडून गेली. "बघा," त्या म्हणाल्या, "एक तरी उपयोग झाला तुमच्या संगणकाचा."

सभा जवळ आली आणि डिस्क काही बारीक होईना. कारण मुळ्यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नव्हतं. शेवटी त्यांना सुटका दिली ती, गंमत बघा, पाग्यांनीच.

पाग्यांनी कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली आणि उभं राहून आवाज चढवला. "अध्यक्ष महोदया, मला दुःख होऊन राहिलं आहे. आपलं मंडळ मराठी. आणि आपल्या संगणकात काय भरून राहिले आहेत? गुजराती! सिंधी! मालवी गाणी! फॅक्स! मग मराठी कुठे?"

अरुंधतीताईंनी चष्मा वर केला. "मंडळाच्या घटनेत भाषा एकच आहे. मुळ्ये, संगणकातही एकच राहील. बाकी सगळ्या काढा."

"इंग्रजी पण?" मुळ्यांनी विचारलं.

"इंग्रजी आधी."

"हिंदी?"

यावर मात्र सगळे एकमेकांकडे बघू लागले. "हिंदी तो अपनी ही है यार," मागून कोणीतरी म्हणालं. "भाषण मराठीत करा," अरुंधतीताई कडाडल्या, आणि हिंदीही गेली. "तो फिर सब सहमत हैं ना?" पाग्यांनी विचारलं. "सहमत, सहमत!" सगळे ओरडले. टाळ्या झाल्या. मुळ्यांना तर पाग्यांना मिठी मारावीशी वाटली. आता शहा आले तरी त्यांना ठरावाकडे बोट दाखवता येणार होतं! वर्षानुवर्षं सरकारी खात्यात काढल्यामुळे मुळ्यांना माहीत होतं की 'नाही' म्हणायला माणसाची जीभ अडखळते, ठरावाची अडखळत नाही.

त्यांनी एका बैठकीत सगळ्या भाषा काढल्या. इंग्रजी, हिंदी, शहांची, मिठाईवाल्यांची. उरली एक शुद्ध मराठी. डिस्क तयार झाली आणि मावली. मावली म्हणजे किती, तर आत निम्मी मोकळी राहिली. मुळ्ये तिला तळहातावर घेऊन बाहेर पडले तर ती त्यांना जाणवेना. खाली उतरून त्यांनी भाजीवाल्याच्या तराजूत घातली. दुसऱ्या पारड्यात कोथिंबिरीची जुडी होती. भाजीवाल्याने एक एक काडी काढायला सुरुवात केली, शेवटी एकच पान उरलं, आणि तरी डिस्कचं पारडं वर!

इथे पीयूषचा चमचा जरा थांबला. त्याने मारुतीरावांकडे पाहिलं. मारुतीरावांची प्लेट कधीच संपली होती, तरी ते चावत होते.

"मग रविवार उजाडला," मुळ्ये घाईने म्हणाले.

हॉल भरून वाहत होता. उकाडा असा की पंखा पूर्ण वेगात फिरत होता आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. पागे पुढच्या रांगेत. त्यांच्या मांडीवर कूलरचं रंगीत चित्र असलेलं पत्रक उघडं होतं, सगळ्यांना दिसेल असं. मुळ्यांनी कडक इस्त्रीचा कुर्ता घातला होता. त्यांनी पाटी रुमालाने पुसली, डिस्क आत सरकवली आणि बटण दाबलं. संगणक घुरघुरला. डोंगर आला नाही. पडद्यावर अक्षरं उमटली, मोठी, ठळक, मराठी! टाळ्यांचा कडकडाट झाला. मग टाळ्या हळूहळू थांबल्या, कारण लोक अक्षरं वाचू लागले.

'प्रतिष्ठापनेपूर्वी विद्यमान विभाजनांचे विलोपन अभिप्रेत आहे काय?'

पुढच्या रांगेने चष्मे काढून पुसले.

"क्या बोल रहा है?" मागून एकाने कुजबुजत विचारलं.

"मराठी बोलतोय," शेजारच्याने सांगितलं.

"हां, वो तो दिख रहा है. पण काय बोलतोय?"

मुळ्यांनी वाक्य एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने वाचलं, एकदा शेवटून वाचलं. पिढ्यान् पिढ्या इंदुरात राहून ज्यांनी मराठी जपली, घरात आरत्या म्हटल्या, मुलांना दटावून 'पानी' नाही 'पाणी' म्हणायला लावलं, असे सगळे जाणते सभासद त्या एका ओळीसमोर पहिलीतल्या पोरांसारखे बसले होते. खाली उत्तरासाठी दोन चौकटी होत्या. एकीत 'अनुमती', दुसरीत 'परावर्तन'.

अरुंधतीताई उठल्या. पडद्याजवळ गेल्या. "अभिप्रेत म्हणजे अपेक्षित," त्या वर्गात सांगावं तसं सांगू लागल्या. "विलोपन म्हणजे नाहीसं करणं. विद्यमान म्हणजे आत्ता असलेलं."

"म्हणजे आत्ता असलेलं काहीतरी नाहीसं होणार," मारुतीराव म्हणाले. "काय ते?"

"ते दिलेलं नाही," अरुंधतीताई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न अर्धवट सोडून खाली बसल्या.

मुळ्यांनी मितालीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मितालीने वाक्य दोनदा वाचून घेतलं. "बाबा, इंग्रजीत काय लिहिलंय ते सांगा."

"इंग्रजी काढली."

"बरं, हिंदी लावा."

"ती पण."

मग ती म्हणाली, "मग बाबा तुम्हीच सांगा. मराठी मीडियम तुमचं होतं."

"संपलं ना?" पागे उठून उभे राहिले. "प्लग मोकळा करा."

त्या क्षणी मुळ्यांच्या डोळ्यांसमोर पाटी आली. पाटी समोरच होती म्हणा. तिच्यावरचं आपलं नाव त्यांनी वाचलं, डोळे मिटले आणि 'अनुमती' दाबली. अर्थ न कळता सही करायची, ही आवक-जावक विभागातली जुनी सवय अशी कामाला आली. संगणक थरथरला. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. लोक श्वास रोखून बघत होते. पट्टी पूर्ण झाली आणि नवी ओळ आली : 'आपले नाव?'

हे सगळ्यांना कळलं! हॉल असा ओरडला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मुळ्ये टाइप करायला बसले. पण बटणांवर अक्षरं इंग्रजी आणि आत उरलेली भाषा मराठी. कुठल्या बटणाखाली काय दडलंय ते दाबल्याशिवाय कळेना. "भिया, 'म' तो एम पे होगा!" मागून सूचना आल्या. "शिफ्ट दबाके देखो!" "अरे पुसा, पुसा, ते 'ठ' कुठून आलं?" पुसायचं बटण शोधताना आणखी दोन अक्षरं उमटली, मुळ्यांचं कोपर कुठेतरी टेकलं, आणि संगणकाने गोड सूर वाजवून जाहीर केलं : 'सुस्वागतम्, ठफढ!'

"ठफढ तर ठफढ," मुळ्ये ठेल्यावर पीयूषला म्हणाले. "चालू तर झाला! आणि आता बघा, खरी गोष्ट पुढेच आहे."

संगणकाने आपला खण बाहेर काढला, कारण डिस्कचं काम झालं होतं. आणि डिस्क केवढी हलकी, ते तर सांगितलंच. वर पंखा पूर्ण वेगात. डिस्क अलगद खणातून उठली. सभेने वर पाहिलं. ती पंख्याभोवती गरागरा फिरली, खाली आली, पाग्यांच्या मांडीवरचं कूलरचं पत्रक तिने अगदी मधोमध कापलं, हॉलभर एक प्रदक्षिणा घातली आणि खिडकीतून बाहेर! लोक गच्चीवर धावले. डिस्क उन्हात चमकत सुदामा नगरच्या दिशेने जात होती आणि तिच्या मागे, रांगेने, मुळ्यांच्या गॅलरीतून हाकललेली सगळी कबुतरं.

"अन्नपूर्णेच्या कळसाला उजवी घालून गेली," मुळ्ये हळू आवाजात म्हणाले. "मी स्वतः हात जोडले."

मारुतीरावांनी मान हलवली, पण या वेळी जरा उशिरा.

"खाली आलो तर अरुंधतीताईंच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, मुळ्ये, कोपरा तुमचा. सभेने एकमताने मंजूर केलं. पाग्यांनी स्वतः अनुमोदन दिलं, दिलं की नाही मारुतीराव? तेव्हापासून आजपर्यंत तो संगणक त्या कोपऱ्यात चालू आहे, पीयूषजी. एक दिवस बंद नाही. वर माझी पाटी. आत्ता जाऊन बघा, लोक रांग लावून 'साहेब, साहेब' करत उभे असतील!"

पीयूषने प्लेट खाली ठेवली आणि हात पुसले.

"मुळ्येजी, मी तर आत्ता तिथूनच येऊन राहिलोय. पेपर वाचायला रोज जातो ना भिया. त्या कोपऱ्यात वॉटर कूलर आहे! दोन ग्लास पाणी पिऊन निघालो, एकदम ठंडं."